गोग्रासाच्या पिशव्या

मी डॉक्टर आहे हे कळलं की समोरचा माणूस लगेच मनगट पुढे करतो. गुरांचा डॉक्टर आहे हे कळलं की तितक्याच लगबगीने मागे घेतो. मालाडला मी जवळजवळ तीस वर्षं प्रॅक्टिस केली आणि या अनुभवात कधी खंड पडला नाही. आमच्या लग्नाच्या बोलणीत सुमनच्या मामांनी तर सरळच विचारलं होतं, "मुंबईत गुरं आजारी पडतात का हो?" मी म्हटलं, "मामा, आत्ता तुम्ही चहा प्यायलात, त्यातलं दूध कुणाचं होतं?" मामांनी रिकाम्या कपात डोकावून पाहिलं, पण लग्न होईपर्यंत ते माझ्याकडे जरा संशयानेच बघत होते.

गुरं होती, भरपूर होती. गोरेगाव, जोगेश्वरीकडे म्हशींचे मोठाले तबेले होते. त्याशिवाय चाळींच्या मागे, देवळांच्या बाजूला, रिकाम्या प्लॉटवर कुणाकुणाच्या एकेकट्या गाई बांधलेल्या असत. माझं काम सोपं करून सांगायचं तर असं: माणसांच्या डॉक्टरला पेशंट सांगतो आणि तो ऐकतो. इथे पेशंट बोलत नाही आणि मालक थांबत नाही. मालक सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्यायचं आणि जनावराच्या अंगाला हात लावून बघायचा. डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली की मिनिटाला एक-दोनदा आतून पोट त्या मुठीला ढकलतं. ते ढकलत असेल तर निम्मी काळजी मिटली.

गाईच्या खाण्याची एक गंमत आहे. बकरी निवडून खाते, ओठाने चाचपते, नको ते सोडते. गाय तशी नाही. ती जिभेने गवत गुंडाळते, ओढते आणि गिळते. चावायचं काम नंतर, निवांत बसून. त्यामुळे गवतात काय काय होतं हे तिला कळेपर्यंत ते पोटात पोचलेलं असतं. विक्रोळीच्या कारखान्यांच्या बाजूला चरणाऱ्या गाईंच्या पोटात मला खिळे, तारा, एकदा तर अख्खा वॉशर सापडला होता. त्यावर आमच्याकडे एक झकास उपाय होता. बोटाएवढं लोहचुंबक गाईला गिळायला द्यायचं. ते पोटात तळाशी जाऊन बसतं आणि लोखंड धरून ठेवतं, म्हणजे ते पुढे हृदयाकडे टोचत जात नाही. गाय आयुष्यभर ते चुंबक पोटात घेऊन हिंडते आणि तिचं काही बिघडत नाही. माझ्या बॅगेत अशी चार-पाच चुंबकं कायम असत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मला वाटत होतं की शहरातली गाय काहीही गिळो, आपल्याकडे इलाज आहे.

आता शेवंताबाईंबद्दल सांगतो, कारण हे सगळं लिहायला बसलो ते त्यांच्यासाठीच.

मार्वे रस्त्यापासून थोडं आत एक देऊळ आहे. त्याच्या दारापाशी, पिंपळाखाली, शेवंताबाई गाय घेऊन बसत. मूळच्या कणकवलीकडच्या. नवरा गिरणीत होता, गिरणी सुटल्यावर एका सोसायटीत वॉचमन लागला. घर खरं तर गाईवर चालायचं. गाईचं नाव तांबू. दूध थोडं, पण बाईंचा धंदा दुधाचा नव्हताच. त्या गवताच्या जुड्या करून ठेवत. देवळात येणारा माणूस एक जुडी विकत घेई, तांबूला खायला घाली, तिच्या पाठीवरून हात फिरवून तो कपाळाला लावी आणि ऑफिसला जाई. शिवाय घराघरातून गोग्रास येई. जेवणाआधी गाईसाठी काढून ठेवलेला पहिला घास. भात, पोळी, सणाला पुरण. कुणी केळीच्या पानावर आणत, कुणी पत्रावळीवर, कुणी वर्तमानपत्राच्या कागदावर. तांबू भात खाई, मग पान खाई, मग पत्रावळही खाई. पिंपळाखाली उरायची ती फक्त शितं आणि माश्या.

त्या माश्यांवरून सगळं सुरू झालं. देवळाच्या कमिटीचे सेक्रेटरी पेंडसेकाका एके दिवशी माझ्या दवाखान्यात आले. बँकेतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, हातात छत्री, पाऊस असो वा नसो.

"डॉक्टर, त्या बाईला तिथून उठवावं लागणार," ते म्हणाले. "दारात घाण होते. लोक तक्रार करतात. परवा एकीचा पाय भातावरून घसरला."

"काका, गाय उठवलीत तर ती बाई जाईल कुठे?"

"ते मला कळतं हो. पण कमिटीत मी एकटा नाही. तुम्ही तज्ज्ञ माणूस, तुम्हीच काहीतरी तोडगा सुचवा."

तज्ज्ञ माणूस म्हटलं की मी फुगतो, हा माझा जुना दोष. त्याच आठवड्यात पशुखाद्याच्या एका कंपनीचा एजंट माझ्याकडे प्लास्टिकच्या पिशव्यांचे गठ्ठे टाकून गेला होता. जाहिरातीच्या, पांढऱ्याशुभ्र, वर हिरव्या शाईत हसऱ्या गाईचं चित्र. तेव्हा अशा पिशव्यांचं अप्रूप होतं. बायका त्या धुऊन, वाळत घालून परत वापरत. वाण्याकडे अजून कागदाच्याच पुड्या होत्या, पण साडीवाला, मिठाईवाला पिशवी द्यायला लागले होते आणि पिशवी देणारं दुकान म्हणजे चांगलं दुकान, असं लोक समजत. मी ते सगळे गठ्ठे पेंडसेकाकांच्या हवाली केले. देवळाच्या भिंतीवर लावायला एक पाटी स्वतः रंगवून घेतली: 'गोग्रास कृपया स्वच्छ पिशवीत बांधून आणावा. जमिनीवर सांडू नये. – पशुवैद्यकीय सल्ल्यानुसार.' शेवटची ओळ माझ्या आग्रहाने.

उपाय लागू पडला. पंधरा दिवसांत दार स्वच्छ झालं. लोक येत, बांधलेली पिशवी शेवंताबाईंच्या टोपलीत ठेवत किंवा सरळ तांबूच्या पुढ्यात ठेवून नमस्कार करून जात. बाई एकट्या, जुड्या विकायच्या, सुटे द्यायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचं, यातून जमेल तशा पिशव्या सोडत. कंपनीच्या पिशव्या संपल्यावर लोक घरच्या आणायला लागले. आता शितं नाहीत, माश्या नाहीत, बाईंना कुणी उठवलं नाही. रिकाम्या पिशव्यांसाठी काकांनी एक डबा ठेवला होता, तो कधी धड भरतही नसे.

"लोकांना शिस्त लागली बघा," काका म्हणत. "पिशव्या घरी परत नेतात."

मीही मान डोलावत असे. इतक्या पिशव्या येतात आणि उरत नाहीत, याचं आम्हा दोघांपैकी एकालाही नवल वाटलं नाही. एक पदवीधर पशुवैद्य आणि एक बँकेत आयुष्यभर हिशेब जुळवलेला माणूस!

नवल फक्त शेवंताबाईंना वाटलं. एकदा मी स्कूटरवरून जात असताना त्यांनी हात करून थांबवलं.

"डॉक्टरानू, मी दुसरीकडे बघतंय तवसर तांबू पिशवीसकट गिळता. काय होवचा नाय मां?"

मी स्कूटरवरून उतरलोसुद्धा नाही. म्हटलं, "एखाद-दुसरी गेली असेल, शेणावाटे पडून जाईल. काही होत नाही." हे मी कुठे वाचलं नव्हतं, कुणाकडून ऐकलं नव्हतं. घाई होती आणि काहीतरी ठाम बोलायची सवय होती, म्हणून बोललो. खिळ्यांबद्दल मला सगळं माहीत होतं. पिशवीबद्दल काहीच माहीत नाही, हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या श्रावणात शेवंताबाई स्वतः दवाखान्यात आल्या. तांबू तेव्हा गाभण होती, सातवा महिना. बाईंनी त्या वासरावर मोठा हिशेब मांडला होता. दसऱ्याच्या आसपास तांबू वितेल आणि वसुबारसेला पिंपळाखाली पहिल्यांदाच गाय-वासरू दोन्ही उभी असतील. वसुबारसेची पूजा वासरासकट गाईची. त्या दिवशी एवढ्या बायका शोधत शोधत तबेल्यांपर्यंत जातात, त्या सगळ्या आपल्याकडे येतील, हे त्या वर्षभर बोलून दाखवत होत्या.

"तीन दिस झाले, तोंडात काय घेना नाय," त्या म्हणाल्या. "रवंथ पण बंद. पोट ह्या असा फुगता आणि परत बसता."

मी जाऊन तेल पाजलं, पाचक पूड दिली, इंजेक्शन दिलं. लोखंड गिळलंय का ते तपासलं, त्याचा पत्ता नव्हता. त्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी डाव्या कुशीवर मूठ धरून बराच वेळ उभा राहिलो. आतून काही ढकलत नव्हतं. बोट दाबलं तर मळलेल्या कणकेत रुतावं तसं रुतलं आणि खळगा तसाच राहिला. मला तेव्हा स्कूटर आठवली.

ऑपरेशन शेवंताबाईंच्या चाळीच्या मागे, दुसऱ्या दिवशी सकाळी. बाबू पवार नावाचा माझा ड्रेसर, म्हणजे मलमपट्टीचा मदतनीस, होता, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आणि हाताला माझ्यापेक्षा स्थिर. गाईचं हे ऑपरेशन ती उभी असतानाच करतात. डाव्या कुशीवरचे केस काढायचे, तेवढाच भाग बधिर करायचा, कातडी कापायची. मग मोठं पोट पुढे ओढून त्याची कड बाहेरच्या कातडीला टाक्यांनी शिवून टाकायची, म्हणजे आतली घाण शरीरात सांडत नाही. मग पोट उघडायचं. गाय पुढच्या बाजूने शांत उभी असते आणि डॉक्टरचा हात खांद्यापर्यंत तिच्या आत असतो. शेवंताबाई तिचं तोंड धरून मालवणीत तिच्याशी बोलत होत्या. काय बोलत होत्या ते मी ऐकलं नाही.

हाताला गवत लागायला हवं होतं. लागला तो दोरखंड. ओढला तर हातभर बाहेर आला आणि आत अजून होताच. पिशव्या एकमेकींत पिळल्या जाऊन त्यांचं वेटोळं झालं होतं. गुलाबी, निळ्या, साडीच्या दुकानाच्या, मिठाईच्या, दुधाच्या. बाबूने एक घमेलं भरलं, दुसरं आणलं. सगळ्यांत खाली, सगळ्यांत जुन्या, पांढऱ्या होत्या. एक मी पाण्याखाली धरली. हिरवी गाय जशीच्या तशी हसत होती. तिची शाईसुद्धा फिकी झाली नव्हती.

तिची गाठ तशीच होती. ती मी कात्रीने कापली. आत भात होता, आंबलेला, काळपट, पण शीत न् शीत वेगळं ओळखू येत होतं. वाळका पेंढा, पत्रावळ, कागद, काहीही ज्या पोटात विरघळतं, त्या पोटाला जवळजवळ वर्षभर त्या भातापर्यंत पोचता आलं नव्हतं. पोट इतकं गच्च भरलेलं आणि गाय उपाशी. बाबू माझ्या हातातली कात्री काढून घेत हळूच म्हणाला, "साहेब, टाके मी घालतो."

शेवंताबाईंनी ती पिशवी पाहिली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण चित्र ओळखता येत होतं. मी म्हटलं, "बाई, ह्या माझ्या पिशव्या आहेत."

"ठाऊक आसा," त्या म्हणाल्या. तांबूच्या तोंडावरचा हात त्यांनी काढला नाही. "तुमी सांगलात काय होवचा नाय. म्हणान मी गप रवलंय."

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पोट असं रिकामं केलं की ते नुसतं शिवून भागत नाही. पचनाचे जंतू त्यात उरलेले नसतात. ते दुसऱ्या धडधाकट गाईकडून उसने आणावे लागतात, म्हणजे तिच्या पोटातलं पाणी नळीने काढून हिला पाजायचं. मी गोरेगावच्या मिश्राजींच्या तबेल्यात गेलो. मिश्राजी एरवी औषधाच्या बाटलीवरून तासभर घासाघीस करणारा माणूस. त्या दिवशी म्हणाला, "ले जाओ डाक्टरसाब. हमारी गाय का क्या है, शाम तक फिर बना लेगी." बादली घेऊन मी रिक्षाने परत आलो. रिक्षावाल्याने वासामुळे सबंध रस्ता नाक धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांबूला बघायला निघालो, तर नाक्यावरच्या कचराकुंडीपाशी दोन गाई तोंड घालून उभ्या. कुंडीत वरतीच आमची ती दोन घमेली उपडी केलेली. चाळीतल्या कुणीतरी साफसफाई म्हणून नेऊन टाकली होती. आंबलेल्या भाताचा वास सुटलेला आणि एक गाय निळी पिशवी ओढत होती. मी स्कूटर आडवी टाकली, गाईंना हाकललं आणि हातांनी तो सगळा ढीग परत घमेल्यात भरला. लोक बघत होते. डॉक्टरला काय झालं, असं त्यांना वाटलं असणार.

त्यातलं एक घमेलं घेऊन मी तसाच देवळाच्या ऑफिसात गेलो आणि पेंडसेकाकांच्या टेबलाजवळ ठेवलं.

"अहो डॉक्टर! देवळात हे काय आणलंत?"

"देवळातलंच आहे, काका. परत आणलंय."

मी सगळं सांगितलं. काका छत्री बाजूला ठेवून खाली वाकले आणि छत्रीच्या टोकाने नव्हे, बोटाने एक पिशवी उचलली.

"मी तर दोन गाठी मारायचो," ते म्हणाले. "मुंग्या लागू नयेत म्हणून."

पाटी आम्ही दोघांनी मिळून उतरवली. नवी पाटी लावायचं काकांनी सुचवलं, पण आता काय लिहायचं ते मला सुचेना. मग नुसतीच भिंत राहिली, चार खिळ्यांची भोकं घेऊन.

तांबूने चौथ्या दिवशी रवंथ केला. जबडा आडवा हलताना बघून शेवंताबाई रडल्या आणि मीही वळून डोळे पुसले. पण सहाव्या दिवशी वासरू मेलेलंच पडलं. अंगावर लव आलेली, खूर तयार झालेले, कालवड होती. मी बाईंसमोर उभा राहिलो, तर त्यांनीच मला सांगितलं, "तांबू रवली मां? बस झाला." त्यांच्या मनातली वसुबारस त्या दिवशी गेली, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

त्या ढिगाचं काय करायचं हे मला कळेना. जाळला तर चाळभर धूर होईल, कुंडीत टाकला तर गाई खातील. दवाखान्याच्या मागे खड्डा करून पुरला. पुढच्या पावसात कुत्र्यांनी तो उकरला आणि एका रात्रीच्या पाण्याने सगळं मागच्या नाल्यात नेलं. नाला खाडीला जातो. काही दिवसांनी मार्व्याहून बोटीने मनोरीला एका कोळ्याची आजारी बकरी बघायला गेलो होतो. त्याची बायको जाळ्यातून मासळी वेगळी करत होती आणि चिकटलेल्या पिशव्या सोडवून बाजूला टाकत होती. त्यांत हिरवी गाय आहे का, हे मी वाकून पाहिलं. नव्हती. तरी परतीच्या बोटीत मला बरं वाटलं नाही.

लोक मला विचारतात, तीस वर्षांत किती जनावरं वाचवलीत? वाचवली, पुष्कळ वाचवली, आणि त्याचा मला अभिमानही आहे. तांबूच्या नंतर मी अशी पोटं कितीतरी उघडली. माझा हात त्या कामात तयार झाला, इतरांना शिकवण्याइतका. पण शहाणपण कुठून आलं ते मला विसरता येत नाही. तांबूचं पोट आणि ती कालवड खर्ची घालून मी ते मिळवलं.

त्या वर्षीच्या वसुबारसेचं सांगतो आणि थांबतो. संध्याकाळी सुमन आणि मी केळीच्या पानावर बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी घेऊन देवळाशी गेलो. पिंपळाखाली तांबू एकटीच उभी होती, गळ्यात झेंडूची माळ, कुशीवर टाक्यांची रेघ. तिच्याजवळ वासरू नाही हे बघून काही बायका तशाच पुढे निघून जात होत्या. बाई त्यांना हाका मारत नव्हत्या. ज्या थांबत, त्यांच्यासाठी मात्र शेवंताबाईंनी एक नवीन पद्धत सुरू केली होती. गाईच्या आणि माणसाच्या मध्ये त्या स्वतः उभ्या राहत. हातात काय आहे ते आधी उघडून दाखवायचं, पिशवी असेल तर ती सोडून त्यांच्याकडे द्यायची, रिकामे हात दाखवायचे आणि मगच पुढे जायचं. पेंडसेकाका रांगेत उभे होते. त्यांनीही दाखवले.

माझी पाळी आली. मला वाटलं, मला त्या ओळखतात. मी तसाच एक पाऊल पुढे टाकलं.

बाई बाजूला झाल्या नाहीत. "डॉक्टरानू," त्या म्हणाल्या, "तुमी पण."

मी नैवेद्याचं पान सुमनच्या हातात दिलं आणि दोन्ही तळवे उघडे करून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते नीट पाहिले, एकदा उलटे करून पाहिले, आणि मग तांबूकडे जायला मला वाट दिली.